ओंजळीचा जवाब

मी क्षमाशील बाई नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या विहारात दर पौर्णिमेला मैत्रीभावनेचा पाठ होतो, सगळ्या प्राणिमात्रांचं मंगल होवो असं सगळे डोळे मिटून म्हणतात. मीही म्हणते. फक्त म्हणताना मनातल्या मनात दोन माणसं वगळत आले. एक गोंदियाचा केबलवाला शेठ, आणि दुसरा एक कव्वाल, ज्याला आमच्या भागात सगळे नुसतं भाऊ म्हणत.

आमच्याकडे दुय्यम कव्वाली चालते. स्टेजवर दोन पार्ट्या असतात, बहुतेक एक पुरुषाची आणि एक बाईची. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा आणि दुसऱ्यानं त्याच चालीत तिथल्या तिथे जवाब जुळवायचा. जवाब आला नाही तर सवाल अंगावर राहतो, आणि अंगावर राहिलेला सवाल गावोगाव आपल्या आधी पोचतो.

माझे बाबा यातले मुरलेले. दिवसभर लोकांच्या बांधीत धानाची रोवणी करून यायचे आणि हातपाय धुऊन पेटी काढायचे. मला त्यांनीच शिकवलं, आणि शिकवताना सुरापेक्षा नियमांवर जास्त ओरडले. सवाल टाकणाऱ्यानं टाकला की आपली जागा सोडायची, समोर जाऊन बसायचं आणि पूर्ण जवाब ऐकायचा, मध्ये उठायचं नाही. आणि दिलेला जवाब पुन्हा कधी गायचा नाही. "जवाब एक डाव तोंडातून निंघाला का झाला," बाबा म्हणायचे. "दुसऱ्यांदा गायला तं तो उष्टा." मैफलीत कुणी कितीही वाहवा केली तरी बाबांनी जवाबाला कधी दुसऱ्यांदा तोंड लावलं नाही.

गोंदिया जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. शेठनं गोंदियाच्या बाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर आपला केबल टीव्हीचा कारभार थाटला होता आणि बाजूच्या खोलीत कार्यक्रम करायला सुरुवात केली होती. खोलीला मागे धबधब्याचा पडदा, वर दोन मोठे लाइट, समोर एक कॅमेरा. रविवारी तीन ते सहा तिथून डायरेक्ट गाणं चालायचं आणि शहरभर घरोघरी टीव्हीवर दिसायचं. ठीक सहाला पिक्चर. लोक त्या डायरेक्टवर इतके फिदा होते की ज्याचं गाणं तिथं झालं तो मोठा, ज्याचं नाही झालं तो लग्नातला बँडवाला.

शेठनं भाऊंचा आणि माझा सामना ठेवला. मी तेव्हा लग्न होऊन बिरसीकडच्या एका गावी सासरी होते. माझी जाऊ माझ्या मागे कोरसला बसायची, तिचा नवरा ढोलकवर. बाबा गोंदियातच, रेल्वे लाइनच्या पलीकडच्या वस्तीत राहायचे. लकव्यानं त्यांचं डावं अंग गेलं होतं. मी टीव्हीवर गाताना त्यांना दिसावी म्हणून शेजाऱ्यांनी त्यांची खाट उचलून आपल्या घरात नेऊन ठेवली. मी निघण्याआधी पाया पडायला गेले, तर म्हणाले, "घाई करू नोको. आधी सवाल ऐकून घेजो." दुसरं काही नाही.

आता त्या खोलीत कोण होतं ते नीट सांगते, कारण पुढे सगळं त्यावरच अडलं. भाऊ आणि त्यांची चार माणसं. मी, जाऊ आणि दीर. आणि शेठचा पगारी कॅमेरावाला. पब्लिक नव्हतं. पब्लिक सगळं टीव्हीपुढे.

साडेपाचपर्यंत बरोबरीत चाललं होतं. मग भाऊंची शेवटच्या सवालाची पाळी आली. दोन ओळींचा सवाल, पण तो त्यांनी पंचवीस मिनिटं ताणला. मध्येच शेर टाकला, मध्येच जुना किस्सा सांगितला, आणि दोनदा मनगट वळवून घड्याळ पाहिलं. ते मी या डोळ्यांनी पाहिलं. शेवटी सहाला पाच कमी असताना सवाल टाकला:

तळं भरलं काठोकाठ, भरल्या तळ्याला पाळ,
सांग बाई, मोठं कोण? पाणी मोठं का पाळ?

पाळ म्हणजे तळ्याचा बांध. हा सवाल दिसतो तेवढा सोपा नव्हता. पाणी मोठं म्हणावं तर भाऊ म्हणणार, पाळ फुटली की तुझं पाणी गेलं वाहून. पाळ मोठी म्हणावी तर म्हणणार, ज्या पाळेवर आपल्या आज्याला पाय ठेवू दिला नाही तिची आरती करून राहिली का बाई? आमच्या मुलखात पावलापावलावर तळं आहे, म्हणून हा सवाल प्रत्येकाच्या घरातला होता. सवाल टाकून भाऊ नियमाप्रमाणे उठले आणि समोर, कॅमेऱ्याच्या बाजूच्या स्टुलावर जाऊन बसले.

मी डोळे मिटले. बाबांनी सांगितलं तसं घाई केली नाही, चार मिनिटं नुसता सूर धरून बसले. आणि जवाब आला. तो इथे पूर्ण लिहीत नाही, उष्टा होईल. एवढंच सांगते, मी म्हटलं की पाणीही मोठं नाही आणि पाळही मोठी नाही. मोठी ती ओंजळ, जी पाण्यापर्यंत जाऊन पोचली. ती ओंजळ कुणाची हे आमच्या लोकांना सांगावं लागत नाही. मी सात-आठ मिनिटं गायले. त्याआधी तसं कधी गायले नव्हते आणि नंतरही नाही. डोळे उघडले तेव्हा जाऊ रडत होती. भाऊ उठून आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जवाब झाला, बाई."

मग माझं लक्ष कॅमेरावाल्याकडे गेलं. तो वायर गुंडाळत होता. अर्धी वायर गुंडाळून झाली होती.

सहाला शेठनं पिक्चर लावला होता. माझ्या पहिल्या ओळीवरच मला कापलं. मी पुढचं सगळं त्या खोलीच्या भिंतींना ऐकवलं. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा केव्हा विझला ते मला दिसलं नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते. भाऊंचे मिटलेले नव्हते. ते दिव्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

धावत बाबांकडे गेले. खोली भरलेली, टीव्हीवर पिक्चरमधली मारामारी. शेजारची बाई मायेनंच म्हणाली, "जवाब नहीं आया क्या बेटी? कोई बात नहीं." बाबा खाटेवरून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "बाबा, जवाब झाला. मी गाऊन दाखवते." त्यांनी चांगला हात हलवला. "नोको," वाकड्या तोंडानं म्हणाले. "उष्टा होते." मग मी साध्या बोलीत त्यांना ओंजळीचं सांगितलं. पण हिशेब समजावून सांगावा तसा जवाब समजावला की त्यात काय उरतं? बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं हाये." ते जवाबाला म्हणाले की माझी समजूत काढायला म्हणाले, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेठकडे गेले. तो गल्ल्यावर पान चघळत बसला होता. "अरे बाई, नाराज काहे होती हो? अगले संडे आके फिर से गा दो, हम दिखा देंगे." त्याच्या दृष्टीनं तो उदार झाला होता. त्याला उष्ट्याचं काय सांगणार? मी नाही म्हटलं. तो बाजूच्या माणसाला म्हणाला, "देखा? इसको जवाब आता ही नहीं." गाऊन टाकलं असतं तर सगळं मिटलं असतं, हे मला आजवर शंभर जणांनी सांगितलंय. जाऊ तर अजून सांगते. पण बाबा जिवंत असताना त्यांच्यासमोर उष्टं गाऊ?

जाऊ-दीर माझ्याच बाजूचे, त्यांचं कोण धरणार? म्हणून मग भाऊंच्या घरी गेले. ते आरशासमोर मिशीला कात्री लावत होते. मी त्यांना जयभीम घातला आणि हात जोडून म्हटलं, "भाऊ, तुमी होते ना तिथं. लोकाईले सांगू नोका, पन मह्या बाबाले येऊन एक डाव सांगा का जवाब झाला." वस्तीपर्यंत सायकलनं दहा मिनिटं. मला तेवढंच पाहिजे होतं.

भाऊंनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "लोकाईनं जे पाह्यलं तेच खरं, बाई," ते म्हणाले. "मी काय सांगू?"

बाबा पुढच्या धानकापणीपर्यंत राहिले नाहीत.

भाऊंचं मात्र फावलं. त्यांच्या पोस्टरवर ओळ आली की ज्यांच्या सवालापुढे बाई निरुत्तर झाली ते हेच. माझं नाव छापलं नाही, पण छापायची गरजही नव्हती. मी कुठे गायला उभी राहिले की मागून कुणीतरी ओरडायचं, "बाई, पानी मोठं का पाळ?" आणि मंडप हसायचा. हळूहळू बोलावणी आटली. मी नामकरणात गायले, विहारात गायले, बाकी वेळ धान निंदलं. निंदताना मी दुसरं काही केलं नाही, एक सवाल घासला. बाकीच्या बाया तण उपटायच्या, मी भाऊंना उपटत होते.

वर्षं गेली. आधी सीडी आल्या आणि भाऊंच्या सीड्या बाजारात मांडलेल्या दिसल्या. मग घरांवर डिशच्या छत्र्या लागल्या, प्रत्येकाची आपापली. मग मोबाइलच्या दुकानात चिपमध्ये गाणी भरून मिळायला लागली. शेठच्या डायरेक्टला कुणी विचारेना. त्यानं खोलीतला धबधब्याचा पडदा काढून तिथे रिचार्जचं दुकान टाकलं, तेही चाललं नाही. खांबांवरून त्याच्या काळ्या वायरी उतरवत होते त्या दिवशी मी मुद्दाम बाजारात गेले. काम काही नव्हतं. समोरच्या चहाच्या दुकानात बसून दोन कप चहा पिऊन शेवटची वायर खाली पडेपर्यंत पाहिलं. शेठ फुटपाथवर उभा राहून मजुरांवर ओरडत होता, केस पांढरे झालेले. मला त्याची दया आली का? नाही आली. उठताना खाली पडलेला वायरीचा एक तुकडा मागून घेतला आणि अंगणात दोन खांबांना बांधला. त्यावर मी कपडे वाळत घालते. चांगली मजबूत वायर आहे, पावसातही सडत नाही.

मग नेट स्वस्त झालं आणि जावेला वाट दिसली. ती अंगणवाडी सेविका आहे, मोबाइलचं सगळं तिला कळतं. एका रविवारी तिनं धानाच्या पोत्यावर मोबाइल उभा केला आणि म्हणाली, "गा." मी विचारलं, "कोन पाहून राहिलं?" ती म्हणाली, "आत्ता तिघं जनं. गा तं खरं." मी गायले. संध्याकाळपर्यंत शंभराच्या वर गेले. पुढच्या रविवारी बालाघाटहून लोक, राजनांदगावहून, हैदराबादला कामाला गेलेली आमची पोरं, पुण्याच्या कंपन्यांमधली. बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं डोक्यावरून घरघर करत जायची, तर खाली लिहून यायचं, "विमान बाजूला करा, बाईचं ऐकू द्या." मला वेळ सांगणारा शेठ नाही, कापणारा कुणी नाही, सहाचा पिक्चर नाही. रविवारी तीन वाजता माझ्या अंगणात माझा डायरेक्ट.

आणि मग एके दिवशी भाऊ आले.

मी अंगणात धान वाळवत होते. आधी ओळखलंच नाही. मिशी गेली होती, पुढचे दात गेले होते, खोकला आला की कुंपणाला धरून उभे राहत होते. खाटेवर बसून म्हणाले, "बाई, तुया मोबाइलवर एक सामना ठेव ना. मले आता कोनी बोलावून नाई राहिलं. सीडी कोन पाह्यते? एक डाव लोकाईले दिसलो तं बरं होईल." त्या माणसाला माझ्या दारात असं बसलेलं पाहून मला किती आनंद झाला, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी चहा केला. साखर जास्त टाकली. म्हटलं, "या रविवारीच ठेवू, भाऊ."

जाऊ मला चांगली ओळखते. त्या रात्री भांडी घासताना ती म्हणाली, "तू काही तरी करशील." मी म्हटलं, "मी फक्त सवाल टाकीन."

रविवारी अंगण झाडून सतरंजी टाकली. दर वेळी मोबाइलच्या मागे जाऊ बसायची. आज मी तिला कोरसमध्ये बसवलं, म्हटलं मोबाइल मी पाहीन. कधी नव्हे इतके लोक जमले होते पाहायला. जुनी माणसं लिहीत होती, भाऊ आले, भाऊ आले. भाऊ अर्धा तास तब्येतीनं गायले. आवाज फाटला होता, पण लय गेली नव्हती. मग माझी पाळी आली, आणि सतरा-अठरा वर्षं घासलेला सवाल मी काढला. ताणला नाही. सरळ टाकला:

आंधळ्याला दिसलं नाही, डोळस पाहून गप्प,
सांग गड्या, बरा कोण? आंधळा का डोळस?

यमक जुळत नाही ते मला माहीत आहे. जुळवायचं नव्हतं. भाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी पेटीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मी नियमाप्रमाणे उठले, समोर गेले आणि पोत्याशेजारी बसले. स्क्रीन माझ्याकडे होता. खाली धडाधड लिहून येत होतं: आता बोला भाऊ. जवाब द्या भाऊ.

मला काय वाटत होतं ते सांगते. हा माणूस खेळाडू आहे, शब्दांतून सटकेल, आंधळ्याला महात्मा करील, डोळसाला राजकारणी करील आणि टाळ्या घेऊन जाईल. तसं मी होऊ देणार नव्हते. भाऊंनी खाकरून घसा साफ केला, पहिला सूर लावला, आणि मी अंगठा टेकवून डायरेक्ट बंद केला. मोबाइल तसाच उभा राहू दिला. मग मांडी घालून, मान डोलावत ऐकायला बसले, जसे ते बसले होते.

आणि भाऊ गायले.

त्यांचे डोळे मिटलेले होते. ते म्हणाले, आंधळा बरा. ते म्हणाले, मी डोळस होतो. मी घड्याळ पाहून सवाल टाकला होता. दिवा विझला ते मी पाहिलं आणि वाहवा केली. ओंजळ मोठी असं या बाईनं माझ्या कानाशी गायलं, त्याहून मोठा जवाब मी उभ्या जन्मात ऐकला नाही. आणि तिचा बाप खाटेवर वाट पाहत होता, सायकलनं दहा मिनिटं, मी गेलो नाही. हे सगळं त्यांनी माझ्याच चालीत बांधलं, अडखळत, खोकत, आणि शेवटच्या ओळीला माझं नाव घेतलं, बापाच्या नावासकट.

जाऊ पदर तोंडात धरून बसली होती. तिला वाटत होतं सारं जग ऐकून राहिलं. मी स्क्रीनकडे पाहिलं. काळा.

मी पुन्हा डायरेक्ट सुरू केला, अर्धे लोक निघून गेले होते. म्हटलं, "भाऊ, एक डाव परत गा. एकच डाव." आयुष्यात मी कुणाकडे इतकं गयावया केलं नसेल.

भाऊ घाम पुसत होते, हलके झालेले दिसत होते. "नाई, बाई," ते हसून म्हणाले. "उष्टा होते. तुया बापाचाच नियम हाये ना." मोबाइल बंद होता हे मी त्यांना सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार होते?

त्या व्हिडिओखाली आजही लिहिलेलं आहे. काका को जवाब नहीं आया क्या? भाऊ निरुत्तर. हसरे चेहरे, ओळीनं. जाऊ चार दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणाली, "तुनं भाऊले नाई कापलं. बाबाले कापलं." ते खोटं नव्हतं. जवाब झाला हे सांगणारं माझ्या बाजूबाहेरचं एकच तोंड या जगात होतं, ते उघडलं तेव्हा मीच त्यावर हात ठेवला.

पाचव्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा भाऊंचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. पानठेल्यावर लोक त्यांना हसत होते, नातवानं मोबाइलवर दाखवलं होतं की जवाब दिसतच नाही. बंद कुणी केला हे त्यांनी विचारलं नाही.

"बाई, तू होती ना समोर," ते म्हणाले. "सांगून दे ना लोकाईले, का मी जवाब देला."

सांगायला एक मिनिट लागलं असतं. जाऊ घरातच होती, मोबाइल माझ्या हातातच होता. सांगावं असं मला वाटलंही, खरंच वाटलं. पण ते एक वाक्य माझ्या तोंडात इतकी वर्षं बसून होतं की त्यानं दुसऱ्या कुठल्या शब्दाला बाहेर पडू दिलं नाही.

"लोकाईनं जे पाह्यलं तेच खरं, भाऊ," मी म्हटलं. "मी काय सांगू?"

मग भाऊ म्हणाले, "बरं हाये."

फोन बंद झाला. बादलीत अजून दोन चादरी होत्या. त्या पिळून मी वायरीवर टाकल्या.